करारात लिहिलं की पट्टा येतो : परिवहन आयुक्तांना एका आईचं खुलं पत्र

प्रति,
माननीय परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : शाळेच्या बसमध्ये प्रत्येक मुलाला सीटबेल्ट मिळण्याबाबत

महोदय,

सकाळी पावणेसातच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या गेटवर दोन बस येतात. आधी पिवळी येते, ती माझ्या मुलाला शाळेत नेते. दहा मिनिटांनी पांढरी येते, ती मला चाकणला नेते. दोन्ही बस एकाच मालकाच्या आहेत, रात्री एकाच पत्र्याच्या शेडबाहेर उभ्या असतात, आणि एखादा ड्रायव्हर रजेवर गेला तर दुसरा त्याच्या गाडीवर जातो. पांढऱ्या बसमध्ये जितक्या सीट तितके पट्टे आहेत. मी पट्टा न लावता बसले आणि गेटवरच्या सिक्युरिटीने ते पाहिलं, तर तो वर चढून नाव लिहून घेतो. तिसऱ्यांदा नाव गेलं की एचआरमधून बोलावणं. पिवळ्या बसमध्ये पट्टा फक्त ड्रायव्हरला आहे, आणि तो त्याने कायमचा सीटमागे अडकवून ठेवलाय.

मी बेचाळीस वर्षांची आहे आणि ब्रेक लागला तर हाताने दांडा पकडण्याइतकी अक्कल मला आहे. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि सकाळच्या बसमध्ये तो बहुतेक वेळा झोपलेला असतो.

हे पत्र नुसतं टपालाने पाठवता आलं असतं. उघड लिहितेय, कारण यातला काही भाग आम्हा पालकांनाच ऐकवायचा आहे.

आधी काय झालं ते सांगते. फेब्रुवारीत एका सकाळी पुणे-नाशिक रस्त्यावर एका कंटेनरने आमच्या पिवळ्या बससमोर अचानक लेन बदलली. ड्रायव्हरकाकांनी करकचून ब्रेक मारला. टक्कर झाली नाही, बसला ओरखडा नाही, पंचनामा नाही. कागदोपत्री त्या दिवशी काहीच घडलं नाही. आत मात्र माझ्या मुलाचं तोंड पुढच्या सीटच्या पाठीवरच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. नुकताच आलेला पक्का दात अर्धा तुटला, शेजारचा आत दबला, हनुवटीला तीन टाके पडले. इंजिनच्या बॉनेटवर बसवलेला पहिलीतला एक मुलगा दाराच्या पायरीपर्यंत घसरत गेला. बसच्या मावशी उभ्या होत्या. त्यांच्या गुडघ्याला मार लागला, तरी त्यांनीच सगळ्यांच्या घरी फोन केले. मला फोन आला तेव्हा मी पांढऱ्या बसमध्ये होते. पट्टा लावून.

त्या संध्याकाळी मी शेडवर जाऊन बस पाहिली. मी चाकणला सीटच्या चौकटी बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे, त्यामुळे पर्समध्ये मोजपट्टी असते. सीटची पाठ अगदी बुटकी. तिच्या वर, मोठ्या माणसाला धरायला म्हणून, पोकळ पाइपचा दांडा वेल्ड केलेला. मी मुलाच्या उंचीचा हिशेब करून पाहिला : तो सीटवर बसला की दांडा बरोबर त्याच्या ओठांसमोर येतो. वेल्डिंगचे दाणेही घासून काढलेले नव्हते, बोट फिरवलं तर टोचत होते. आमच्याकडे अशी चौकट पहिल्याच टेबलावरून रिजेक्टच्या पेटीत गेली असती. सीटचे पाय खाली प्लायवर वॉशर टाकून आवळलेले. दोन नट तर हातानेच फिरले.

चार दिवसांनी बसमालकाने सगळ्या दांड्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. मला बोलावून दाखवलंसुद्धा. माणूस वाईट नाही, हे मला मुद्दाम लिहायचंय. मी विचारलं, दादा, त्या पांढऱ्या बसला पट्टे आहेत, मग याला का नाहीत? ते म्हणाले, "मॅडम, कंपनीचं ऑडिट असतं. पट्टा नसला तर बिल अडकवतात. करारातच लिहिलंय त्यांच्या. शाळेत कोण अडवतंय?"

महोदय, पट्टे बसवता येत नाहीत असं नाही. ते कुठून आणायचे, कसे बसवायचे आणि मोठ्या माणसांना ते लावायला कसं भाग पाडायचं, हे त्याच माणसाला, त्याच शेडमध्ये, चांगलं ठाऊक आहे. ज्याने करारात लिहून घेतलं त्याला पट्टा मिळाला. मुलांच्या वतीने ते लिहून घेणारं कोणी नाही. शाळा ते करत नाही, आम्ही पालकांनी केलं नाही. राहता राहिलात आपण, कारण बस रस्त्यावर आणायचा परवाना आपल्या खात्याचा आणि त्याच्या अटी लिहिणारा हातही आपल्याच खात्याचा.

कायदा मुलांना विसरलेला नाही, हे विशेष. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ ब आलं. त्याचं दुसरं पोटकलम म्हणतं की चौदा वर्षांखालचं मूल सेफ्टी बेल्टने किंवा मुलांसाठीच्या खास पट्ट्याने सुरक्षित केलेलं नसताना जो कोणी मोटार वाहन चालवील किंवा चालवू देईल, त्याला एक हजार रुपये दंड. हे पोटकलम मी बऱ्याचदा वाचलं, कारण माझा विश्वास बसेना. त्यात शब्द ‘मोटार वाहन’ असा आहे. ‘कार’ असा नाही. उभ्याने प्रवासी नेणाऱ्या वाहनांना वगळण्याची मुभा राज्याला दिली आहे, पण ती पहिल्या पोटकलमापुरती, म्हणजे सर्वसाधारण प्रवाशांपुरती. मुलांच्या पोटकलमाला अशी पळवाट जोडलेली मला दिसली नाही. मग मी माझ्या कारमध्ये मुलाला मोकळं बसवलं तर गुन्हेगार, आणि पैसे भरून त्याला पिवळ्या बसमध्ये मोकळं बसवलं तर जबाबदार पालक, हा हिशेब कुठल्या नियमाने लागतो? मी वकील नाही. माझं वाचन चुकत असेल तर आपल्या खात्याने तसं लेखी सांगावं. पण बरोबर असेल तर राज्यात रोज सकाळी सात ते आठ या वेळात किती हजार रुपयांचा दंड होतो, ते एकदा कोणीतरी मोजावं.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला आणि ते गेले. ते मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. तोवर मागच्या सीटचा पट्टा म्हणजे आपल्याकडे उशीखाली दडपून ठेवायची वस्तू होती. दोन महिन्यांच्या आत, नोव्हेंबरमध्ये, मुंबई पोलिसांनी कारमधल्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा केला. म्हणजे मनात आणलं तर दोन महिने पुरतात.

शाळेच्या बसचे नियमही असेच, कुणी गेल्यावर आलेले आहेत. १८ नोव्हेंबर १९९७ ला दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली आणि २८ मुलं गेली. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा जे निर्देश दिले, त्यावर आजवर देशातली शाळेची बस उभी आहे : पुढे-मागे ‘स्कूल बस’ अशी अक्षरं, प्रथमोपचाराची पेटी, अग्निशामक, खिडक्यांना आडव्या सळया, वेगाला लगाम, दाराला भक्कम कुलूप, बसमध्ये एक मदतनीस, दप्तरं ठेवायला सीटखाली जागा. मग २०११ मध्ये महाराष्ट्राने स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले आणि शाळाशाळांत परिवहन समिती आली. हे सगळं चांगलंच झालं. पण ही यादी पुन्हा वाचून बघा. मूल बसमधून बाहेर पडू नये, हरवू नये, बस ओळखू यावी, आग विझवता यावी, एवढी सोय त्यात आहे. बस जागच्या जागी थांबली आणि मूल थांबलं नाही, तर काय, ते त्यात नाही. ताशी ४० किलोमीटरने चाललेली बस एकदम थांबली, तर आतलं मोकळं मूल साधारण दोन मजल्यांवरून पडल्याच्या वेगाने पुढे जातं. शहरात ४० हा वेग कोणालाच जास्त वाटत नाही. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला मात्र आपण जाळी लावून घेतो.

आता आमच्या तक्रारी. मुलाच्या शाळेचं नाव मी घेत नाही. इतर शाळांतल्या पालकांशी बोलल्यावर कळलं की नाव बदललं तरी मजकूर तोच राहील.

१. एका सीटवर दोन मुलं बसायची, तिथे तीन बसतात. बारा वर्षांखालची मुलं दीडपट चालतात, असं मालक सांगतात. तिसऱ्या मुलाची अर्धी मांडी सीटबाहेर, एक पाय मधल्या वाटेत. माझ्या मते पट्ट्याला जो विरोध होतो त्याचं खरं मूळ इथे आहे. पट्ट्याचा खर्च एकदाच होतो, पण पट्टा आला की माणशी एक जागा येते. तिघांत दोन बक्कल लावता येत नाहीत. पट्टा म्हणजे रोजची हजेरी आहे : जितके पट्टे तितकीच मुलं, पंचेचाळीस पट्टे असतील तर सेहेचाळिसावं चढूच शकत नाही. खर्च, गैरसोय, मुलांची तक्रार ही कारणं पुढे केली जातात, पण गणित या जास्तीच्या मुलांचं आहे. ते उघडपणे मांडा, मग बोलू. भाडं वाढणार असेल तर किती, तेही सांगा.

२. बॉनेटवर आणि ड्रायव्हरच्या पाठीमागच्या आडव्या बाकावर सगळ्यात लहान मुलं बसवतात, ‘मावशींच्या नजरेसमोर राहतात’ म्हणून. त्यांच्यापुढे अडवायला सीटची पाठही नसते, थेट काच किंवा पायऱ्या.

३. मदतनीस मावशींना बसायला जागाच नाही. दिवसाला चार फेऱ्या त्या उभ्याने करतात. त्यांच्या पट्ट्याबद्दल तर आमच्या बैठकीत कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. मीही नाही, गुडघ्याला पट्टी बांधून त्या पुन्हा कामावर आल्या तोपर्यंत.

४. परिवहन समिती. मुख्याध्यापक, पालक प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण खातं, बसवाले, सगळे एका टेबलाशी यावेत म्हणून ती केलेली. फेब्रुवारीनंतर मी आग्रह धरून तिच्यात गेले. पहिल्या बैठकीला शाळेचे दोघं, बसमालक आणि मी, असे चौघं होतो. इतिवृत्ताच्या वहीत मागच्या पानांवर मात्र दरवेळी आठ-नऊ सह्या, आणि ठराव दरवेळी एकच : ‘विद्यार्थी वाहतुकीचा आढावा घेण्यात आला. समाधान व्यक्त करण्यात आलं.’ समाधान कोणाचं, ते लिहिलेलं नाही.

५. पासिंग. बस पासिंगला जाते, होऊन येते. त्यात दिवे, ब्रेक, टायर, पेटी, अग्निशामक बघतात, ते मी नाकारत नाही. पण सीटचे पाय कशात रोवलेत, दांड्याला गादी आहे का, हे कोण बघतं? हाताने फिरणारे ते दोन नट पासिंग झालेल्या बसमधले आहेत.

६. माहितीच्या अधिकारात मी परिवहन खात्याच्या एका कार्यालयाला विचारलं की आपल्या हद्दीतल्या किती स्कूल बसमध्ये मुलांसाठी पट्टे आहेत. उत्तर आलं : ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.’ जीपीएस असलेल्या बस मोजता येतात, कॅमेरे मोजता येतात. माझ्या फोनवर बस चौकात वळताना दिसते. फेब्रुवारीतल्या त्या सकाळीही ती दिसत होती, थांबलेली.

आता आक्षेपांविषयी. बैठकीत आणि सोसायटीच्या ग्रुपवर ते इतक्या वेळा ऐकलेत की पाठ झालेत.

अमेरिकेतसुद्धा मोठ्या स्कूल बसला पट्टे नसतात, असं एका पालकाने सांगितलं. ते परदेशात राहून आलेत, त्यामुळे सगळे गप्प बसले. त्यांचं अर्धं बरोबर आहे. १९७७ पासून तिथल्या मोठ्या स्कूल बसची सीटच वेगळी असते : उंच, जाड गादीची, पुढची-मागची सीट जवळजवळ, म्हणजे मूल पुढे फेकलं गेलं तर गादीवर आपटावं आणि त्या खोबणीतच राहावं. अंड्यांचा ट्रे आठवा. आपण तिथून ‘पट्टा नको’ एवढंच उचललं. गादी आणि उंच पाठ तिकडेच राहिली. आपल्याकडे त्या जागी पाइप आहे. शिवाय साडेचार टनांखालच्या छोट्या स्कूल बसला तिथेही पट्टा सक्तीचाच आहे. त्या मापाने आपल्या सगळ्या शाळेच्या व्हॅन आणि कितीतरी मिनी बस त्या गटात जातील. आणि बस बाजूने धडकली किंवा उलटली, तर ती खोबण मुलाला धरून ठेवत नाही, हे तिथेही कळून चुकलंय. नोव्हेंबर २०१६ मध्ये टेनेसी राज्यात चॅटनुगा इथे शाळेची बस झाडावर आदळून सहा मुलं गेली. त्यानंतर २०१८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मोठ्या नव्या स्कूल बसनाही तीन ठिकाणी धरणारा पट्टा लावण्याची शिफारस केली. वेल्सने तर शाळेच्या खास बसला पट्ट्याचा कायदा २०११ मध्येच केला आणि ऑक्टोबर २०१४ पासून तो लागू झाला. स्कॉटलंडचा कायदा २०१७ चा. तेव्हा परदेशाचा दाखला द्यायचा तर पुरा द्यावा.

आग लागली किंवा बस पाण्यात गेली तर मुलं अडकतील, हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण आपल्या नियमांचा उगमच नदीत पडलेल्या बसमध्ये आहे. यावर माझ्याकडे मोठं उत्तर नाही, साधं आहे. बक्कल एका बोटाने दाबून सुटतं; माझा मुलगा आजीच्या कारमध्ये ते दोन वर्षांपासून सोडतोय. मदतनिसाजवळ पट्टा कापायची सुरी टांगता येते. वर्षातून दोनदा बस रिकामी करण्याचा सराव घेता येतो. आणि आदळून बेशुद्ध झालेलं मूल, पट्टा नसला तरी, जळत्या बसमधून स्वतःहून उतरत नाही.

मुलं लावणार नाहीत. नाही लावणार, पहिले पंधरा दिवस. आम्हीही कंपनीच्या बसमध्ये लावत नव्हतो. मुलं बकलाने मारामारी करतील. करतील, ती पाण्याच्या बाटलीनेही करतात. रिट्रॅक्टरचा पट्टा असला की सोडल्यावर तो आत गुंडाळला जातो, हातात उरत नाही.

फक्त एक गोष्ट कारखान्यातली म्हणून सांगते, कारण इथे घाई झाली तर नुकसान होईल. उद्या आपण फतवा काढलात आणि परवा शेडमध्ये जुन्या सीटना कमरेचे स्वस्त पट्टे स्क्रूने ठोकले गेले, तर ते आत्तापेक्षा वाईट. पट्ट्यापेक्षा तो ज्याला अडकवलाय तो बोल्ट महत्त्वाचा. धक्का बसला की सगळा भार बोल्टवर येतो, बोल्टवरून सीटच्या चौकटीवर, तिथून फरशीवर. फरशी प्लायची असेल तर मुलासकट सीट उपटून येईल. आणि नुसता कमरेचा पट्टा लहान मुलाच्या पोटावर सरकतो, वरचं अंग तसंच पुढे झुकतं. म्हणून मागणी ‘पट्टा लावा’ इतकी सोपी नाही. खांद्यावरून येणारा, तीन ठिकाणी धरणारा पट्टा हवा, आणि तो पेलणारी चाचणी झालेली सीट हवी. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आमच्या पुण्यातच आहे, १९६६ पासून, कोथरूडच्या टेकडीवर. तिचं एक केंद्र चाकणलाही आहे. ही चाचणी करून घ्यायला कोणाला परदेशी जावं लागणार नाही.

आता पालकांना. आपण बसचं भाडं ठरवताना काय विचारतो ते आठवा : महिना किती, दारात येते का, एसी आहे का, मे महिन्याचे पैसे घेता का. पट्टा आहे का, हे मी माझ्या मुलाच्या तोंडाला लागेपर्यंत तीन वर्षं विचारलं नव्हतं. बालवाडीत असताना तो रिक्षाने जायचा. रिक्षाकाकांनी पुढे एक आडवी फळी टाकलेली होती, त्यावर बसायचा आणि खूश असायचा. मी रोज सकाळी हसून टाटा करायची. तेव्हा बसवाल्यांकडे बोट दाखवताना उरलेली बोटं कुठे वळतात, ते मला माहीत आहे. भाडं महिना शे-दोनशेने वाढेल म्हणून आमच्या ग्रुपवर सही द्यायला नकार देणारेही आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही. दोन मुलांचं भाडं भरताना शंभर रुपये दिसतातच. म्हणूनच हे पालकांच्या मर्जीवर सोडू नका, असं म्हणते. एका शाळेने पट्टा मागितला तर बसवाला शेजारच्या शाळेकडे जातो. सगळ्यांना एकच अट असली तर कोणी कुठे जाणार नाही.

आमच्या मागण्या अशा :

अ) कलम १९४ ब चं दुसरं पोटकलम शाळेच्या बस, मिनी बस आणि व्हॅनला लागू आहे की नाही, हे खात्याने लेखी परिपत्रकाने स्पष्ट करावं. लागू असेल तर कधीपासून अंमल करणार, तेही.

आ) पुढच्या शैक्षणिक वर्षापासून शाळेच्या वाहतुकीचा नवा परवाना ज्या बसला द्याल, तिला प्रत्येक मुलामागे एक सीट आणि तीन ठिकाणी धरणारा एक पट्टा, ही परवान्याची अट असावी. मदतनिसालाही सीट आणि पट्टा. वाहन बांधण्याची मानकं केंद्र ठरवतं हे ठाऊक आहे. त्यासाठी केंद्राला लिहावं लागलं तर लिहावं, आणि ते पत्र आम्हाला वाचायला मिळावं.

इ) जुन्या बससाठी मुदत ठरवून टप्पे करावेत. आधी सगळ्यात पुढची रांग आणि मागच्या बाकाची मधली जागा, कारण तिथे पुढे अडवायला काहीच नाही. पट्टे बसवणारा अधिकृत असावा आणि त्याचा दाखला बसमध्ये लावलेला असावा. ज्या बसची फरशी आणि चौकट पट्टा पेलू शकत नाही, तिने मुलं नेणं थांबवावं.

ई) बॉनेटवर आणि आडव्या बाकावर मुलं बसवणं आजपासून बंद व्हावं. याला एक पैसाही लागत नाही.

उ) पट्टे येईपर्यंत पुढच्या सीटचा प्रत्येक दांडा जाड गादीने झाकावा. सायकलच्या ट्यूबने नव्हे.

ऊ) पासिंगच्या यादीत सीटचे बोल्ट, दांडे आणि पट्टे यांच्यासाठी स्वतंत्र रकाने असावेत, आणि कुठल्या बसला किती पट्टे आहेत याची जिल्हावार यादी दरवर्षी जूनच्या आधी आपल्या संकेतस्थळावर यावी. मला अभिलेखात उपलब्ध नसलेली माहिती पुन्हा मागायची नाही.

ए) परिवहन समितीचं इतिवृत्त शाळेच्या फलकावर लागावं. कोण आलं, कोण आलं नाही, नावानिशी.

ऐ) शाळा आणि बसमालक यांच्यातल्या करारात पट्ट्याचं कलम घालावं आणि ते पाळलं नाही तर त्या महिन्याचं बिल अडवण्याचा हक्क शाळेला द्यावा. हे कलम तयार करायला समिती नेमू नका. चाकणमधल्या कुठल्याही कारखान्याच्या बस-करारात ते मिळेल. मालकाने मला त्यांच्या मोबाइलवर दाखवलं, साडेतीन ओळींचं आहे.

व्हॅन आणि रिक्षांबद्दल मी वेगळी मागणी केलेली नाही. त्यातली गर्दी आणि त्यांवर चालणारी घरं हा मोठा विषय आहे आणि एका पत्रात तो उरकणं त्या लोकांवरही अन्याय होईल. पण बसचा निर्णय झाला की मुलं तिकडे ढकलली जाणार नाहीत, याकडे आपलं लक्ष असावं.

आमच्या समितीची पुढची बैठक शाळेच्या सहामाही परीक्षेआधी आहे. त्या बैठकीला मोटार वाहन निरीक्षक येतील, एवढं जरी आपण पाहिलंत तरी उपकार होतील. बसमालक पाचव्या ओळीतल्या दोन सीटना नमुन्याचे पट्टे लावून दाखवायला तयार आहेत, स्वतःच्या खर्चाने. ते बोल्ट बघायला निरीक्षकांनी यावं.

आपली,
एक पालक आणि शाळेच्या परिवहन समितीची सदस्य
पिंपरी-चिंचवड

ता. क. सोबत तीन फोटो जोडले आहेत. पहिला पिवळ्या बसमधल्या दांड्याचा, मोजपट्टीसह. दुसरा हाताने फिरणाऱ्या नटचा. तिसरा पांढऱ्या बसमधल्या माझ्या सीटचा. सुट्टीच्या दिवशी शेडवर मुलाला त्यात बसवून काढलाय. पट्टा त्याच्या गळ्यावर येतो, कारण तो मोठ्या माणसाच्या मापाचा आहे. मुलांच्या बसचे पट्टे ठरवताना खांद्याचा बिंदू खाली घ्यावा लागेल, म्हणून हा फोटो पाठवतेय.